परदेशातले एक सत्र : तयारी मुलाची, जबाबदारी समाजाची

पदवीचे शिक्षण चालू असताना एक सत्र, म्हणजे पाच-सहा महिने, परदेशी विद्यापीठात शिकायचे, तिथे मिळवलेले श्रेयांक आपल्या पदवीत जमा करून घ्यायचे आणि परत येऊन पदवी पूर्ण करायची, ही पद्धत आता नवी राहिलेली नाही. मोठ्या शहरांतल्या खाजगी विद्यापीठांत आणि नामांकित केंद्रीय संस्थांत या ‘सेमिस्टर अब्रॉड’ची चर्चा पहिल्या वर्षापासून चालते. कोणत्या देशात जायचे, कोणाची शिफारस घ्यायची, पैसा कसा उभा करायचा याचे हिशेब तिथल्या घरांत जेवणाच्या टेबलावर होतात. आणि मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या, खानदेशातल्या तालुक्याच्या महाविद्यालयात शिकणारा आमचा मुलगा, आमची मुलगी? अशी काही सोय जगात आहे, हेच त्यांच्या कानावर आलेले नसते. हा त्यांचा दोष नाही. या देशात जमीन, वाडा आणि सावकारी जशी वारशाने येते तशीच माहितीही वारशानेच येते. ज्यांच्या आजोबाने शाळेचा उंबरा पाहिला नाही, त्यांच्या घरात विद्यापीठाच्या करारांची माहिती कुठून येणार?

काही समाजबांधव म्हणतील, इथे शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर मिळत नाही, वसतिगृहात जागा नाही, नोकरभरती होत नाही. अशा वेळी परदेशातल्या सहा महिन्यांच्या गोष्टी काय सांगता? हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. वसतिगृहासाठी लढायचे ते मुलांनी पुढे जावे म्हणूनच. त्यांना पुढे कुठपर्यंत जाऊ द्यायचे याची मर्यादा आपणच आखून घेतली, तर ती मर्यादा आखण्याचे श्रम प्रस्थापितांना करावे लागणार नाहीत.

बाबासाहेबांच्या शिक्षणातला व्यवहार

बाबासाहेबांच्या परदेशी शिक्षणाचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. त्यांच्या पदव्यांची यादी लहान मुलांनाही पाठ असते. परंतु त्या पदव्यांमागचा व्यवहार आपण क्वचितच सांगतो. जून १९१३ मध्ये त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या संस्थानाकडून दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळायची होती आणि त्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची होती. वडील रामजी सुभेदार त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते. घरची जबाबदारी डोक्यावर होती. अशा स्थितीत जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम घेतले. शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र होते. प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन या भाषाही त्यांनी तिथे घेतल्या. मिळालेल्या मुदतीचा एकेक दिवस कसा वापरायचा असतो, हे त्या यादीवरून कळते.

शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. पण परतण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून पुन्हा येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी घेऊन ठेवली. परतताना दुसऱ्या जहाजाने पाठवलेले त्यांचे सामान आणि ग्रंथ पाणतीराच्या हल्ल्यात समुद्रात बुडाले. त्या सामानाची भरपाई म्हणून टॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये मिळाले, तेव्हा कुठे बडोद्याला जाण्याच्या खर्चाची सोय झाली. पुढे सिडनहॅम महाविद्यालयातल्या पगारातून साठवलेला पैसा, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि कोलंबियातले मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले. त्यासाठीचा अर्ज त्यांनी जर्मन भाषेत लिहिला होता. बॉनचे शिक्षण पुरे होऊ शकले नाही, पण न्यूयॉर्कमध्ये घेतलेली प्राथमिक जर्मन तिथवर जायला उपयोगी पडली.

या इतिहासातून काय घ्यायचे? बुद्धिमत्ता तर होतीच. पण तिच्या जोडीला लेखी करार, परतीच्या वाटेची लेखी परवानगी, सामानाची भरपाई, परकी भाषा आणि ऐनवेळी कर्ज देणारा मित्र एवढे सगळे होते. यालाच तयारी म्हणतात. आणि ही तयारी एकट्याच्या बळावर होत नाही. बाबासाहेबांनी हे ओळखले होते. म्हणून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४२ मध्ये त्यांनी सरकारपुढे अस्पृश्यांच्या प्रश्नांचे निवेदन मांडले आणि पुढे आपल्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी सरकारी खर्चाने पाठवण्याची सोय करून घेतली. स्वतः चढून गेल्यावर त्यांनी शिडी वर ओढून घेतली नाही.

दार कुठे बंद होते?

आता आजची स्थिती पाहू. एका सत्रासाठी परदेशी जाण्याचे सर्वात स्वस्त साधन म्हणजे दोन विद्यापीठांतला विद्यार्थी-देवाणघेवाणीचा करार. असा करार असला की विद्यार्थी आपल्याच विद्यापीठाची नेहमीची फी भरतो आणि परदेशी विद्यापीठ सहसा शिक्षणशुल्क घेत नाही. युरोपीय संघाची ‘इरॅस्मस’ ही योजना १९८७ पासून चालू आहे. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही आता तिच्यातून निर्वाहभत्ता आणि प्रवासखर्च मिळू शकतो. पण यातली मेख लक्षात घ्या. अशा सत्रासाठी विद्यार्थ्याला एकट्याने परस्पर अर्ज करता येत नाही. त्याच्या विद्यापीठाचा त्या युरोपीय विद्यापीठाशी करार असावा लागतो आणि विद्यापीठानेच त्याचे नाव पाठवावे लागते. करारच नसेल तर मुलगा कितीही हुशार असो, दार बंद!

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम पाहा. परदेशी विद्यापीठाशी जोडून अभ्यासक्रम चालवायचा तर ‘ट्विनिंग’ पद्धतीत तिथले श्रेयांक ३० टक्क्यांपर्यंत घेता येतात. पण आयोगाकडे न जाता असे सहकार्य थेट करण्याची मुभा कोणाला? नॅकचे किमान ३.०१ गुण असलेल्या, किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत असलेल्या, किंवा ‘श्रेष्ठत्वाचा दर्जा’ मिळालेल्या संस्थांना. बाकीच्यांनी आयोगाची परवानगी मागायची. म्हणजे आमची मुले ज्या आडगावच्या महाविद्यालयांत बहुसंख्येने शिकतात, त्यांच्यासाठी वाट लांबची.

दुसरी अडचण शिष्यवृत्तीची. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५०च्या दशकापासून आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. या दोन्ही योजना आपल्या हक्काच्या आहेत आणि त्यांच्या जोरावर आपली अनेक मुले-मुली परदेशी विद्यापीठांत पोहोचली आहेत. पण त्या पूर्ण पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. यांसाठी आहेत. पदवी शिकताना एका सत्रासाठी जाणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. त्यातही २०२२ मध्ये केंद्राने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून वगळले. ज्या बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबियात भारतातील जातींवर निबंध वाचला, त्यांच्याच लेकरांनी त्या विषयासाठी परदेशी जाऊ नये, असा याचा सरळ अर्थ होतो.

तिसरी अडचण पैसा ‘दाखवण्याची’. पैसा असणे आणि पैसा दाखवता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे व्हिसाच्या वेळी कळते. जर्मनीचे उदाहरण घ्या. पुरेशी शिष्यवृत्ती नसेल तर विद्यार्थ्याने बंदिस्त खात्यात आगाऊ रक्कम ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो आहे. सहा महिन्यांचे झाले ५,९५२ युरो. युरोचा भाव शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी सुमारे सहा लाख रुपये. रोजंदारी करणाऱ्या बापाने, अंगणवाडीत काम करणाऱ्या आईने ते कुठून दाखवायचे? शिष्यवृत्ती मिळाली तरी बहुतेक वेळा पहिला हप्ता तिथे पोहोचल्यावर हातात पडतो. तिकीट, व्हिसा, विमा, खोलीची अनामत हे सगळे मात्र आधीच भरायचे असते.

पहिल्या वर्षापासूनचे वेळापत्रक

या अडचणी आहेत म्हणून हातावर हात ठेवून बसायचे नाही. आपल्या विद्यार्थी मित्रांनी काही गोष्टी पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच केल्या पाहिजेत. पाचव्या सत्रात जायचे ठरवून चौथ्या सत्रात धावपळ करणारा मुलगा कागदांपाशीच अडकतो.

पहिले वर्ष कागदांचे. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकावर तिसरे, ही आपल्या घरोघरची कथा आहे. कुठे वडिलांचे नाव गाळलेले, कुठे आडनाव बदललेले. नाव बदलले असेल तर ते शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावे आणि मगच पारपत्र काढावे. साध्या पारपत्राची सरकारी फी दीड हजार रुपये आहे, त्यासाठी दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. त्याच वर्षी जातवैधता प्रमाणपत्राचे काम सुरू करावे, कारण पुढे शासनाच्या प्रत्येक योजनेत ते विचारले जाते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे लागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी गावच्या शाळेत आणि तहसिलीत खेटे घालावे लागतात. शाळेत नोंद ‘बौद्ध’ आणि पणजोबांच्या दाखल्यावर जात, यामुळे कारकून गोंधळ घालतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या आहेत, हे त्याला ठामपणे सांगता आले पाहिजे. केंद्राच्या योजनांसाठी केंद्राच्या नमुन्यातले जात प्रमाणपत्रही वेगळे काढून ठेवावे.

पहिल्या वर्षीच भाषेला हात घालावा. इंग्रजीची भीती वर्गात बसून जात नाही, रोज वाचून, लिहून आणि चारचौघांत बोलून जाते. आयईएलटीएससारख्या परीक्षेची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे. तयारी नसताना ती दोनदा देणे आपल्याला परवडणारे नाही. अनेक विद्यापीठे एका सत्रासाठी आपल्या महाविद्यालयाचे ‘शिक्षणाचे माध्यम इंग्रजी’ हे पत्रही मान्य करतात, म्हणून आधी तिथल्या अटी वाचाव्यात आणि मग पैसे भरावेत.

दुसरे वर्ष चौकशीचे. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात स्वतः जाऊन विचारावे : कोणत्या विद्यापीठांशी करार आहेत, ते अजून चालू आहेत का, नावे कधी मागवतात, निवड कशी होते? उत्तर टाळले तर लेखी अर्ज द्यावा, तरीही टाळले तर माहितीचा अधिकार आहेच. अनेक विद्यापीठांचे करार कपाटात पडून असतात आणि जागा रिकाम्या जातात. कधी त्या ओळखीच्यांनाच कळतात. ही आपल्या हक्काची माहिती आहे, मेहेरबानी नव्हे.

सर्वात महत्त्वाचा कागद म्हणजे अभ्यास-करार, ज्याला ‘लर्निंग ॲग्रीमेंट’ म्हणतात. तिथे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इथले कोणते विषय झाले असे मानणार, हे जाण्यापूर्वी दोन्ही विद्यापीठांच्या सह्यांनिशी लिहून घ्यावे. युरोपात एका सत्राचे साधारण ३० श्रेयांक धरतात. आपल्याकडचा हिशेब वेगळा आहे, म्हणून तोंडी आश्वासनावर विमानात बसू नये. वेळापत्रकाचीही गाठ आहे. जर्मनीत हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरात सुरू होतात आणि फेब्रुवारीपर्यंत चालतात. तोवर इथली नोव्हेंबरची परीक्षा होऊन जाते आणि पुढचे सत्रही सुरू झालेले असते. त्या परीक्षेचे काय, हजेरीचे काय, भारत सरकारच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचे काय, वसतिगृहातल्या जागेचे काय, या चारही प्रश्नांचे उत्तर प्राचार्यांच्या सहीने हातात असावे. नाहीतर परदेशात शिकून आलेला मुलगा इथे नापास किंवा गैरहजर ठरायचा!

व्हिसाच्या बाबतीतही ऐकीव माहितीवर विसंबू नये. युरोपातल्या शेंगेन देशांचा साधा अल्पमुदतीचा व्हिसा ९० दिवसांचा असतो. संपूर्ण सत्रासाठी त्या त्या देशाचा दीर्घमुदतीचा व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंतचे शिक्षण पाहुण्याच्या व्हिसावर करता येते, पण त्यावर काम करून पैसे मिळवता येत नाहीत. ‘तिकडे गेल्यावर हॉटेलात काम करून भागवीन’ हा हिशेब त्यामुळे कोसळू शकतो.

जात विमानात बसून पुढे जाते

आणखी एका तयारीबद्दल कोणतेही मार्गदर्शन केंद्र बोलत नाही. परदेशात गेल्यावर जात सुटते, असा भाबडा समज घेऊन आपली मुले जातात. तिथे आपल्याच देशातले विद्यार्थी एका खोलीत, एका स्वयंपाकघरात असतात. आडनाव विचारले जाते, गाव विचारले जाते, ‘आरक्षणातून आलास का’ हेही हसत हसत विचारले जाते. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने बंदी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी मात्र विधिमंडळाने संमत केलेले असेच विधेयक परत पाठवले. जातीचा प्रश्न तिथे नसता तर हे कायदे आणि हा विरोध कशासाठी झाला असता? म्हणून जाण्यापूर्वी त्या विद्यापीठाचे भेदभावविरोधी धोरण वाचावे, तक्रार कुठे करायची ते लिहून ठेवावे आणि तिथल्या आंबेडकरी मंडळींशी आधीच संपर्क साधावा. परक्या मुलखात पहिल्या आठवड्यात ओळखीचा एक ‘जयभीम’ ऐकू येणे हाही मोठा आधार असतो.

विहारातून विद्यापीठाकडे

आता प्रश्न आपल्या संघटनांचा. जयंतीच्या मिरवणुकीवर, मंडपावर, ध्वनिक्षेपकावर आपण किती खर्च करतो, याचा हिशेब प्रत्येक वस्तीने स्वतःच करावा. जयंती झालीच पाहिजे. पण त्या वर्गणीतला ठराविक वाटा बाजूला काढून जिल्ह्यात एक फिरता निधी उभा राहू शकतो. शिष्यवृत्ती मंजूर झालेल्या विद्यार्थ्याला तिकीट, व्हिसा आणि अनामतीसाठी त्यातून बिनव्याजी रक्कम द्यायची आणि शिष्यवृत्ती हातात आली की ती परत घ्यायची. तोच पैसा पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीच्या कामी येईल. नवल भथेनांनी एका मित्रासाठी जे केले, ते एका समाजाला आपल्या लेकरांसाठी करता येऊ नये काय?

विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ या कामाला द्यावी. नोकरीतून निवृत्त झालेले आपले अधिकारी, प्राध्यापक, बँक कर्मचारी यांनी तिथे बसून मुलांचे अर्ज तपासावेत, हेतुपत्र लिहायला शिकवावे, जातवैधतेचे कागद लावून द्यावेत. ज्यांना चळवळीने नोकरीपर्यंत पोहोचवले, त्यांच्यावर एवढे ऋण नक्कीच आहे. मुलींच्या आईवडिलांशी बोलण्याचे कामही त्यांनीच करावे. मुलीला एकटीला परदेशी कसे पाठवायचे, ही भीती भाषणाने जात नाही. विश्वासाचा माणूस घरी येऊन बसला की जाते.

शासनाकडे मागण्याही नेमक्या असाव्यात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला जोडून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एका सत्राची स्वतंत्र योजना सुरू करावी. बार्टीने जिल्हावार पूर्वतयारी वर्ग घ्यावेत. विद्यापीठांनी आपले सर्व करार आणि त्यांतून गेलेल्या विद्यार्थ्यांची प्रवर्गनिहाय संख्या दरवर्षी जाहीर करावी. देवाणघेवाणीच्या जागांना आरक्षणाचे तत्त्व लावावे. आणि केंद्राने २०२२ मध्ये वगळलेले विषय पुन्हा खुले करावेत.

शेवटी नेहमीचा एक आक्षेप. परदेशी गेलेली मुले समाजाला विसरतात, मग त्यांच्यावर खर्च कशाला? विसरणारे मुंबईला जाऊनही विसरतात. एका सत्राची गोष्ट तर वेगळीच आहे. तो विद्यार्थी पदवी पूर्ण करायला परत आपल्याच महाविद्यालयात येतो, त्याच बाकावर बसतो. तिथले ग्रंथालय त्याने पाहिलेले असते, प्राध्यापकाला प्रश्न विचारायची सवय लागलेली असते, पुढच्या शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र देणारे माणूस त्याला मिळालेले असते. आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे वाट कशी आहे, हे सांगणारा एक जण त्या वर्गात तयार झालेला असतो. माहितीचा वारसा आम्हाला मिळाला नाही. तो इथून पुढे आपल्या वर्गातून, विहारातून, वस्तीतून सुरू करता येतो. नव्या शैक्षणिक वर्षाच्या आधी प्रत्येक वस्तीने किमान एका विद्यार्थ्याचे पारपत्र आणि जातवैधता मार्गी लावण्याचे मनावर घ्यावे. सुरुवात एवढ्यानेही होते.

जयभीम!